गावाचा रकाना

2013 सालच्या जानेवारीत तीन दिवस मी एका टेबलामागे बसून लोकांची नावं लिहून घेतली. 86वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या चिपळूणला भरलं होतं, 11 ते 13 जानेवारी, पवन तलावाच्या मैदानावर. मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि आम्ही सहा-सातजणी स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. माझ्या वाट्याला नोंदणी आली. कागदावर चार रकाने होते: नाव, गाव, फोन, निवासाची सोय हवी की नको.

नाव सगळे पटकन सांगत. गावापाशी माणसं अडखळायची. "लिहा पुणे," म्हणून एक गृहस्थ पुढे गेले आणि दोन पावलांवरून परत आले. "असं करा, परभणी लिहा. पुण्यात नोकरीपुरता असतो." ठाण्याहून आलेल्या एक बाई पेन हातात घेऊन थांबल्या आणि मलाच विचारू लागल्या, "सासरचं लिहू की माहेरचं?" मागे रांग होती, पण कुणी कुरकुर केली नाही. मला वाटतं, रांगेतला जो तो आपापल्या मनाशी तेच उत्तर जुळवत होता.

माझ्या बिल्ल्यावर नावाखाली 'चिपळूण' लिहिलं होतं. ते मीच लिहिलं होतं, आणि लिहिताना मलाही क्षणभर थांबावं लागलं होतं.

या संमेलनाचं यजमानपद एका वाचनालयाकडे होतं, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, आमच्या तोंडात 'लोटिस्मा'. स्थापना 1864ची. टिळक तेव्हा सात-आठ वर्षांचे, रत्नागिरीतच होते. त्यांचं नाव वाचनालयाला अर्थातच पुढे लागलं. तालुक्याच्या गावातलं एक वाचनालय, ज्याचा कारभार वर्गणीदारांच्या वर्गणीवर, सरकारी अनुदानावर आणि चार माणसांच्या चिकाटीवर चालतो, ते उठून अख्ख्या मराठी मुलखाला घरी बोलावतं, याला केवढी छाती लागते! आमच्याकडे दोघीजणी उतरल्या होत्या. रात्री त्या परत आल्या की सासूबाई त्यांना गरम भात वाढायच्या आणि कोण काय बोललं ते सगळं विचारून घ्यायच्या.

सासूबाईंमुळेच मी वाचनालयात गेले. लग्न होऊन 1985 साली या घरात आले तेव्हा वर्गणी त्यांच्या नावावर होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या हातात कापडी पिशवी दिली, आत दोन पुस्तकं. म्हणाल्या, "ही परत कर आणि तुला हवं ते एक आण." रस्ता सांगताना त्यांनी एकाही रस्त्याचं नाव घेतलं नाही. कुणाच्या वखारीवरून जायचं, कुठल्या पाखाडीने उतरायचं, कुठे पूर्वी ओढ्यावर लाकडी साकव होता आणि आता मोरी आहे, असा तो पत्ता होता. निम्म्या खुणा तेव्हाच नाहीशा झालेल्या होत्या. मी चुकले, दोनदा विचारलं आणि पोचले. देवघेवीच्या खिडकीतल्या माणसाने पुस्तकावरचा दाखल क्रमांक पाहिला, वर मान करून मला पाहिलं आणि सासूबाईंचं नाव घेऊन विचारलं, "त्यांची सून का?" चिपळुणात मला कुणीतरी ओळखल्याची ती पहिली वेळ.

संमेलनाच्या आधी वादही झाला. निमंत्रणपत्रिकेवर परशुराम आणि त्याचा परशू असावा की नसावा, यावरून वर्तमानपत्रांचे रकाने भरले. बाहेरच्यांना तो नेहमीचा संमेलनी वाद वाटला असेल. आम्हाला तो आमच्या घरातला वाटला, कारण परशुरामाचं देऊळ शहराच्या डोक्यावर, घाटातच आहे. बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढलं, ही कथा आम्ही ऐकतच मोठे होतो. पण ही भूमी कुणी कुणासाठी काढली, असं विचारलं की त्या कथेत न बसणारी पुष्कळ माणसं इथेच, शेजारी राहतात. खाडीकाठचे मुसलमान आहेत, सड्यावर वरकस जमीन कसणारे कुणबी आहेत, गावकुसाबाहेर ज्यांची वस्ती ठेवली गेली ते आहेत. आणि गंमत अशी की त्या देवळाचे घुमट लांबून पाहिले तर दर्ग्याची आठवण व्हावी. इतका आमचा मुलूख एकमेकांत मिसळलेला आहे.

शहराला लागून मिरजोळी आहे. हमीद दलवाई तिथले, जन्म 1932चा. त्यांची 'इंधन' ही कादंबरी 1965 साली आली. खूप वर्षांनी गावी परतलेला माणूस आणि त्याला दिसलेलं गाव, एवढाच तिचा विषय. मी ती वाचनालयातूनच आणून वाचली. कोकण म्हटलं की जे हिरवंगार डोळ्यांपुढे येतं, कवी माधवांच्या 'हिरवे तळकोकण'मधलं, ते मलाही प्रिय आहे. ती कविता मी मुलांकडून तालावर म्हणून घेतलेली आहे. पण त्या हिरव्याच्या आत माणसं एकमेकांशी कशी वागतात, कोण कुणाच्या ओटीवर चढू शकतं, रात्री कोण कुणाच्या दारावर येतं, हे मला 'इंधन'ने दाखवलं. वाचून झाल्यावर आठवडाभर मिरजोळीवरून जाणारी एसटी मला वेगळी दिसत होती. ज्या गावात आपण राहतो त्याच्याविषयी इतकं खरं लिहिलेलं, त्याच गावातल्या वाचनालयाच्या कपाटात, आपल्याच सहीने घरी नेता येतं, याहून मोठा साहित्यसोहळा मला माहीत नाही.

संमेलनातलं एक माणूस मात्र माझ्या मनातून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी पाळी संपली तेव्हा मी ग्रंथप्रदर्शनात गेले. एका गाळ्यापाशी एक म्हातारे शेतकरी उभे होते. डोक्याला टोपी, पायांत काही नाही, काखेत छत्री, जानेवारीतही. त्यांनी विक्रेत्या मुलाला विचारलं, "नदीवरचं पुस्तक हाय काय?" मुलगा हुशार होता, त्याने पटापट तीन-चार काढून दिली. नर्मदा परिक्रमेची होती, गंगेवरचं एक होतं. म्हाताऱ्यांनी एकेक हातात घेतलं, पान उलटून चित्रं पाहिली आणि जपून परत ठेवलं. "ही न्हवं. आमची. वाशिष्ठी." मुलगा नागपूरचा होता की पुण्याचा, कोण जाणे, त्याने ते नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. "तसं नाही आलेलं, आजोबा," तो म्हणाला. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि पुढच्या गाळ्यावर जाऊन तेच विचारलं.

मी त्यांच्या मागे मागे चार गाळे गेले. मला त्यांना काही सांगायचं होतं, पण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

वाशिष्ठी सह्याद्रीत तिवऱ्याच्या बाजूला उगम पावते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. लहानशीच नदी. पण तिच्यात जे पाणी वाहतं ते सगळं तिचं नाही. घाटावर कोयनेवर धरण बांधलं, शिवसागर जलाशय भरला आणि ते पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला खाली पोफळीला आणलं. तिथे वीज तयार होते, पुढे कोळकेवाडीला पुन्हा होते, आणि मग ते पाणी वाशिष्ठीला सोडतात. कोयना मुळात कृष्णेला मिळणारी, म्हणजे ज्या पाण्याने कऱ्हाडवरून पूर्वेला जाऊन बंगालचा उपसागर गाठायचा, ते पाणी चिपळुणातून दाभोळला जातं.

माझे वडील त्याच पाण्याबरोबर खाली उतरले. त्यांचं गाव जावळी तालुक्यातलं, कोयनेच्या काठचं. धरणात गेलं. तेव्हा ते पंचविशीत होते. घरातली बाकीची माणसं सरकारने दिलेल्या जमिनीवर रायगड जिल्ह्यात गेली आणि वडिलांना प्रकल्पात नोकरी लागली, आधी पोफळीला, मग अलोऱ्याला. मी कॉलनीत वाढले. 1967च्या डिसेंबरातल्या भूकंपाची मला एवढीच आठवण आहे की पहाटे आई मला गोधडीसकट उचलून अंगणात पळाली होती आणि वडील घाटाच्या दिशेला तोंड करून उभे होते. कॉलनीत विदर्भातले होते, खानदेशातले होते, कर्नाटकातून आलेले होते. "तुम्ही मूळचे कुठले?" हा आमच्याकडे ओळखीचा पहिला प्रश्न असायचा आणि वडील त्याला गावाचं नाव सांगायचे. गाव आहे असंच सांगायचे. शाळेत मुली मला घाटी म्हणत, आत्याकडे गेले की सगळे कोकणी म्हणत. बिल्ल्यावर 'चिपळूण' लिहिताना माझा हात थांबला तो यासाठी.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की वडील एकटेच वर जाऊन यायचे. कधी काही बोलले नाहीत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी शंभरपानी वही आणली आणि त्यात गाव लिहायला घेतलं. गावाबद्दल नव्हे, गावच. शेतांची नावं, टेपांची म्हणजे टेकाडांची नावं, ओढ्यातल्या डोहांची, देवराईतल्या मोठ्या झाडांची. वाघजाईचा माळ. हरळीचं टेप. खालची ताल. मोराची दगडी. पुढे प्रत्येकाची हद्द: उगवतीला काय, मावळतीला काय. सुरुवातीची तीसेक पानं शाईने आहेत, कारण त्यांना दौतीच्या पेनाची सवय होती. मग हात कापू लागला तसे ते साध्या बॉलपेनकडे वळले. ते गेल्यावर वही माझ्याकडे आली आणि मी ती खालच्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवली.

ही सगळी कहाणी मी त्या म्हाताऱ्यांना सांगू शकले असते, की तुमची नदी माझ्या वडिलांनीही लिहिली आहे, वरच्या अंगाने. तेव्हा सुचलं नाही.

22 जुलै 2021. आदल्या रात्रीपासून पाऊस थांबत नव्हता. चिपळूणचा पूर आम्हाला नवा नाही. 26 जुलै 2005चा आम्ही पाहिलेला होता. घाटात धो धो पाऊस आणि त्याच वेळी खाडीला भरती, की समुद्र पाणी घेत नाही आणि नदी मागे फुगत जाते. इथल्या माणसाच्या भिंतीवर पंचांग असतं ते सणवारांसाठी आणि भरती-ओहोटीच्या वेळांसाठीही. पण 2021ला पाणी 2005ची खूण ओलांडून गेलं. पहाटे आम्ही गॅसची शेगडी, तांदळाचा डबा आणि सासूबाईंची औषधं घेऊन वर गेलो. सासूबाईंना खुर्चीसकट उचललं. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आलं होतं. रात्री काळोखात खालच्या खोलीतून आवाज येत होते, भांडी एकमेकांवर आपटल्याचे, फळ्या तरंगत भिंतीला लागल्याचे. फ्रिज तरंगून दाराला लागतो तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

पाणी ओसरल्यावर जो गाळ राहतो त्याची कल्पना ज्याने तो काढला नाही त्याला यायची नाही. तो चिखलासारखा नसतो, लोण्यासारखा असतो. बोट फिरवलं की गुळगुळीत रेघ उठते, आणि वाळला की सिमेंट. लाकडी कपाटाचं दार फुगून बसलं होतं, ते पहारीने काढावं लागलं. वही खालच्या खणात होती.

वाचनालयातही पाणी शिरलं होतं, 2005सारखंच, आणि पुन्हा हजारो पुस्तकं गेली. मी चौथ्या की पाचव्या दिवशी तिकडे जाऊ शकले. भिजलेल्या पुस्तकाचं वजन हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आर्टपेपरवर छापलेली गुळगुळीत, महागाची पुस्तकं सगळ्यात आधी गेली, पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या. त्या मानाने जुना, खरखरीत कागद टिकतो. पुस्तक उभं करायचं, पानं पंख्यासारखी अलगद सुटी करायची, मधे कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. पान ओढायचं नाही. ओढलं की अक्षरं पलीकडच्या पानावर जातात. पहिल्या पानावरचा संस्थेचा गोल शिक्का मात्र किती तरी पुस्तकांत तसाच होता, जांभळा, कडेने जरासा पसरलेला.

वडिलांच्या वहीवर मी हेच केलं. वरच्या मजल्यावर, चटईवर, आठ दिवस. बॉलपेनने लिहिलेली सगळी पानं वाचली. शाईची पानं निळ्या ढगांसारखी झाली होती. उजेडाकडे तिरकी धरली तर पेनाच्या टोकाने कागदाला पडलेला दाब दिसतो, त्यावरून मी बरीचशी नावं लावली. एका ओळीत फक्त शेवटची वेलांटी आणि त्यापुढचं 'चं खाचर' एवढंच लागलं. जांभळीचं असेल, असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते.

त्या वर्षी शहरात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. पाणी कुठवर आलं? दुकानदार भिंतीवर खडूने खूण करत होते. 2005ची खाली, 2021ची वर. सरकारी नकाशातल्या लाल आणि निळ्या पूररेषांवरून तंटे चालले होते. नदीतला गाळ काढावा म्हणून डिसेंबरात लोक उपोषणाला बसले. पेठेतल्या ओट्यांवर संध्याकाळी माणसं जमायची आणि ज्यांचं आयुष्यात कधी एकमेकांशी पटलं नव्हतं तीही सांगत बसायची, की इथे पूर्वी ओढा होता, तो बुजवला; तिथे नदीकाठची मळी होती, तिथे पाणी पसरायचं; शिव नदीचं पात्र आमच्या लहानपणी केवढं रुंद होतं. कुणी उठून काठीने जमिनीवर रेघा ओढून दाखवायचं. सासूबाई खिडकीतून खाली ऐकत असायच्या आणि मधेच ओरडून दुरुस्त करायच्या, "साकव तिथे नव्हता, अलीकडे होता!" 1985 साली त्यांनी मला सांगितलेला पत्ता किती खरा होता ते मला छत्तीस वर्षांनी कळलं. त्या मला रस्ता सांगत नव्हत्या, पाण्याची वाट सांगत होत्या.

म्हणून आता कुठल्याही लहान गावचं वाचनालय साहित्य महोत्सव करतंय असं कळलं की मला आनंद होतो आणि एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. मोठ्या लेखकांना जरूर बोलवा. आम्ही एरवी त्यांना कुठे पाहणार? पण 'साहित्य आणि प्रदेश' असा परिसंवाद ठेवून बाहेरून आलेल्या चौघांना प्रदेशावर बोलायला लावू नका. एक सकाळ राखून ठेवा. गावातल्या माणसांना आपापल्या वाडीतली नावं घेऊन यायला सांगा, पऱ्यांची म्हणजे ओढ्यांची, कातळांची, बांधांची, बुजलेल्या विहिरींची. ती व्यासपीठावरून वाचू द्या, लिहून घ्या, दाखल क्रमांक द्या आणि कपाटात ठेवा, वरच्या खणात, पाणी पोचणार नाही अशा. त्या छत्रीवाल्या आजोबांना हवं असलेलं पुस्तक बाहेरचं कुणी लिहून पाठवणार नाही.

शिमग्यात गोवळकोटला करंजेश्वरी देवीची पालखी निघते तेव्हा शेरणे काढतात. लोकांनी नवसाचा नारळ जमिनीत पुरून ठेवलेला असतो, जागा पालखी वाहणाऱ्यांना सांगितलेली नसते. पालखी गर्दीतून इकडेतिकडे जाते आणि एका जागी थांबते, की माणसं तिथे खणतात. नारळ निघाला की जो जल्लोष होतो तो ऐकण्यासारखा असतो. पूर येऊन गेल्यानंतरच्या शिमग्यात मी गेले होते. माझ्या पुढ्यात एक मुंबईचा मुलगा होता, चाकरमान्याचा, आठ-नऊ वर्षांचा, वडिलांच्या खांद्यावर बसलेला. नारळ निघाला तसा तो ओरडला, "तिला कसं कळलं?" वडील म्हणाले, "तिचंच गाव आहे ना."

घरी आल्यावर मी आत्याला फोन केला. ती नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येतं, पण त्या दिवशी आवाज खणखणीत होता. मी तिला वहीतली नावं वाचून दाखवू लागले. प्रत्येक नावाला ती हुंकार देत होती. जांभळीचं खाचर म्हटलं तशी थांबली.

"जांभळीचं? तसलं काय नव्हतं."

"मग काय होतं, आत्या? पुसलंय ते. शेवटची वेलांटी तेवढी दिसते."

"राहीचं खाचर ते. राही म्हंजी माझी आजी, तुझ्या बापाची बी. न्हवरा गेल्यावर तिनं एकलीनं दगडं येचून येचून केल्यालं. लिव्ह."

मी लिहिलं. राहीचं खाचर. मग विचारलं, ते नेमकं होतं कुठे.

"आगं, सोपं हाय," आत्या म्हणाली. "देवळापासनं खाली उतरायचं. वडा लागंल, पाणी गुडघ्याएवढंच असतंय, तितनं पल्याड जायाचं. डाव्या हाताला उंबर हाय मोठा. त्या उंबराखाली उभी ऱ्हा आन् समूर बघ."